म्होरक्याच्या मागची जागा

आर्लो टिमरमन त्या शनिवारी घरून निघाला तो मोटरसायकलचं मागचं टायर बदलून घ्यायला. एवढंच काम होतं. आमच्या बाजूला मोठ्या गाडीला टायर घालून देणारं कुणी नाही, त्यामुळे रॅपिड सिटी गाठावी लागते. जायला तीन तास, यायला तीन.

ब्रेट, एक लाकूड सरकव शेकोटीत आणि बस. तो फोन ठेव खिशात. ही ऐकीव गोष्ट नाही. आर्लो माझा तीस वर्षांचा दोस्त आहे, आणि शेवटचा भाग तर मी या डोळ्यांनी पाहिलाय.

गाडी म्हणजे तुम्हाला माहीत आहे तसलीच. सहा सिलिंडर, मागे सामानाच्या तीन पेट्या, मागच्या सीटला पाठ टेकायची सोय, वजन चारशे किलो. आर्लो तिला रविवारी प्रार्थनेहून आला की पुसायला घ्यायचा ते जेवणाची हाक येईपर्यंत. त्याची बायको व्हेर्ना म्हणायची, “ही गाडी नाही, सोफा आहे. फक्त घरातला सोफा हा कधी असा पुसत नाही.” पण तीही काही कमी नव्हती. वीस वर्षं त्याच्या मागे बसून तिने निम्मा देश पाहिला होता.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, सप्टेंबरचा दुसरा शनिवार. व्हेर्नाच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. तिला एकटीला पलंगावरून उठता येत नव्हतं. कूस बदलायची तरी आर्लोचा हात लागायचा. शेजारची आयरीन त्या दिवशी सोबतीला बसली होती, पण तिला रात्रपाळी होती. नऊला ती जाणार. आर्लो म्हणाला होता, आठला घरी येतो.

टायर आलं उशिरा. बसवून होईस्तोवर सूर्य बुडाला. त्याने हेल्मेटमधल्या फोनवरून व्हेर्नाला सांगितलं, “उशीर होणार गं. साडेदहा धर.”

“आणि नऊनंतर मी काय करू? छताकडे बघत बसू?”

“बसू नकोस. पडून बघ.”

ती हसली. म्हणाली, “आयरीनला सांगते पोर्चचा दिवा लावून जायला. आणि हे बघ, हरणं रस्त्यावर यायचे दिवस आहेत. घाई करू नकोस.”

पण घाई होतीच. तो दुपदरी रस्ता, दोन्हीकडे गवत, तासाभरात एखादी गाडी समोरून आली तर आली. दोन वेळा हरीण आडवं गेलं. दुसऱ्या वेळी तर इतक्या जवळून, की त्याने गाडी थांबवली आणि खाली उतरला. पुढच्या काचेवर किडे फुटून फुटून सगळा लगदा झाला होता. तो पुसला, आणि निघाला. मनात एकच होतं. आपल्याला काही झालं तर ती उद्या सकाळपर्यंत तशीच पडून राहील.

तेवढ्यात आरशात दिवे दिसले.

मोटरसायकली होत्या. दहा-बारा असतील. दोन ओळींत, एक डावीकडे, एक थोडी मागे उजवीकडे, आपण चालवतो तशाच. सगळ्या मोठ्या, पेट्यांच्या. सफाईने त्याच्या बाजूने पुढे जायला लागल्या. आर्लोने, आपण स्वार करतो तसा, हात खाली करून सलाम केला. कुणी उलट केला नाही. पण डाव्या ओळीत, म्होरक्याच्या मागे, एक गाडी मावेल एवढी जागा मोकळी होती. तिच्या मागच्या स्वाराने हात हलवला. ये.

काय म्हणालास ब्रेट? आपणही घेतोच की वाटेत कुणाला? घेतो. पण मला सांग, आपल्यातला एखादा वारला, की त्याच्या शेवटच्या फेरीला आपण काय करतो?

...

बरोबर. म्होरक्याच्या मागची जागा रिकामी ठेवतो. त्याची असते ती. तिथे कुणी शिरत नाही.

आर्लोला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानेच अशा कितीतरी फेऱ्या केल्या होत्या. पण अंधार होता, हरणं होती, घरी बायको पडलेली होती. बारा दिवे आणि बारा इंजिनं असली की हरीण रस्त्यावर येत नाही. त्याला वाटलं, भले लोक आहेत, सांभाळून नेतायत. त्याने गाडी आत घातली.

पहिले काही मैल बरे गेले. हरीण नाही. वेग एकसारखा. मग त्याच्या लक्षात आलं, की काच स्वच्छ आहे. मघाशी पुसली तशीच. त्यानंतर एकही किडा आपटला नव्हता.

मग दुसरं. लांबच्या प्रवासात माणूस चुळबुळ करतो. पाय लांब करतो, मान वळवतो, मांडी झटकतो. यांतला कुणी हलत नव्हता. म्होरक्याचा पाठीमागचा लाल दिवा वळणावरही उजळला नाही. ब्रेकच लावत नव्हता तो. आणि वास. गाड्यांच्या मागे पेट्रोलचा येतो, तो नव्हता. ओल्या गवताचा होता, विहिरीजवळ येतो तसा.

आर्लोने ठरवलं, बाहेर पडायचं.

वेग कमी केला. मागची गाडी पेटीला टेकेल इतकी जवळ आली, आणि तिथेच राहिली. वेग वाढवला. म्होरक्या तेवढाच पुढे. डावीकडे घ्यायला गेला, तर सगळे डावीकडे. एकदम. पाण्यातल्या माशांसारखे. उजवीकडच्याचा आरसा त्याच्या कोपराला लागेल एवढा जवळ. त्याने मान वळवून पाहिलं. काळं हेल्मेट. समोर बघणारं.

“अहो,” आर्लो ओरडला. “मला पुढच्या फाट्याला वळायचंय.”

हेल्मेट वळलं नाही.

तेव्हा कानात फोन वाजला. व्हेर्नाचा.

“आर्लो? कुठवर आलास?”

“व्हेर्ना, ऐक. मी या लोकांत अडकलोय. पोलिसांना फोन कर.”

“आर्लो? अरे बोल ना.”

“व्हेर्ना!”

“नुसता वारा ऐकू येतोय... बरं. हे बघ, पाणी संपलंय माझं. तांब्या तिकडे टेबलावर आहे, हात पोचत नाही. आलास की दे. सावकाश ये.”

फोन बंद झाला.

मला सांगताना आर्लो इथे रडला. पुढचं सगळं त्याने कोरड्या डोळ्यांनी सांगितलं. इथे मात्र रडला.

त्याचं घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. चढ संपला की दिसतं. त्याने आधीपासूनच उजवा दिवा लुकलुकवायला सुरुवात केली. हॉर्न दाबून धरला. चढ संपला. पोर्चचा दिवा दिसला. पिवळा, नेहमीचा. फाटा आला. उजवीकडे गाडी, मागे गाडी, पुढे गाडी.

फाटा गेला.

आरशात तो दिवा लहान होत गेला. आर्लो हॉर्न वाजवतच होता. मग त्यानेच सोडून दिला.

पुढे दोन मैलांवर नदी आहे. मिझुरी. नवा पूल सरळ आहे. डावीकडे जुन्या पुलाचा रस्ता फुटतो. तिकडे पूल नाही आता. माझ्या तरुणपणीच पाडला. रस्ता गवतातून जातो, आणि पाण्यात संपतो.

म्होरक्याने डावा हात बाहेर काढला.

आरशात, मागच्या सगळ्यांचे हात बाहेर आले. एकापाठोपाठ एक.

आर्लोने पाहिलं... त्याचाही हात बाहेर होता. सवयीनं असेल. असेल. तो म्हणतो, मी काढला नव्हता.

वळणासाठी सगळे हळू झाले. चालत्या माणसाएवढे. खडी लागली. हँडल डावीकडे वळलं.

आता तुम्हाला ठाऊक आहे, अशा वेळी काय करायचं नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही. नवखा दाबतो, आणि चारशे किलो धाडकन आडवे होतात. आपण हसतो त्याला वर्षभर. आर्लोच्या हातून आयुष्यात ती गाडी एकदा पडली नव्हती. तिच्यावर ओरखडा नव्हता.

त्याने ब्रेक दाबला. मुद्दाम. होता नव्हता तेवढा जोर लावून.

गाडी पडली. इंजिन बंद. त्याचा पाय पेटीखाली. मागच्या गाड्या आता अंगावरून जाणार, म्हणून त्याने डोकं हातांत घेतलं.

काही आलं नाही.

गार हवा गेली अंगावरून. एकदा. पुन्हा. पुन्हा. बराच वेळ.

मग डोळे उघडले. लाल दिवे खाली नदीकडे चालले होते. पाण्यापाशी थांबले. एकेक विझला.

आणि आवाज आला. साइड स्टँड पाडल्याचा. खट्.

खट्.

खट्.

मग काहीच नाही... नुसतं पाणी. आर्लो म्हणतो, ते गेले असते तर बरं वाटलं असतं. ते गेले नव्हते. थांबले होते.

त्याने पाय ओढला. बूट तिथेच राहिला, पाय सुटला. एका बुटावर तो दोन मैल पळाला. सहासष्ट वर्षांचा माणूस.

घरात शिरला तेव्हा व्हेर्ना जागी होती. ओठ सुकलेले. त्याने आधी तिला पाणी दिलं. ती प्यायली, आणि म्हणाली, “घरासमोरून गेलास तू, आर्लो. मी ऐकलं. हॉर्न वाजवत गेलास. थांबला का नाहीस?”

“माझ्याबरोबर ते होते ना.”

“कोण? एकच गाडी गेली.”

तो खाली बसला आणि तिचा हात धरून राहिला. उजाडेपर्यंत सोडला नाही.

सकाळी त्याने मला फोन केला. मी आणि माझा मुलगा ट्रक घेऊन गेलो. आर्लो आला बरोबर, पण ट्रकमधून उतरला नाही. गाडी वळणावर पडली होती, बूट पेटीखाली. मुलगा दोर बांधायला लागला, आणि मी उगाच नदीकडे चालत गेलो. त्या नदीत कधी कुणी स्वार गेले होते का, हे विचारू नका. मी पुष्कळ चौकशी केली. कुणाला काही माहीत नाही.

काठावर चिखल होता. मऊ, गुळगुळीत. त्यात चाकाची एकही खूण नव्हती. फक्त भोकं होती. साइड स्टँडची, ओळीने, सारख्या अंतरावर. पहिलं भोक, मग मोठी गाडी पेट्यांसकट उभी राहील एवढी मोकळी जागा, आणि मग बाकीची सगळी.

मऊ जमिनीत स्टँड रुततो म्हणून आपण खाली काहीतरी चपटं टाकतो. मागून कुणी मित्र येणार असला, तर त्याच्यासाठी आधीच टाकून ठेवतो. आज संध्याकाळी माझ्यासाठी टाकलंत ना तुम्ही, तसं.

त्यांच्यातल्या कुणी स्वतःसाठी काही टाकलं नव्हतं. सगळी भोकं उघड्या चिखलातली.

मी ट्रककडे परत आलो. आर्लोने काच खाली केली. “काय दिसलं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “चिखल.”

त्या मोकळ्या जागेत, जिथे स्टँड टेकेल नेमका तिथे, एक चपटा केलेला पत्रा ठेवला होता.