पाच एकोणतीस एकोणसाठ

पाच वाजून एकोणतीस मिनिटे अठ्ठावन्न सेकंद झाले आणि पडद्यावरच्या घड्याळाने एकदम साडेपाच दाखवले. वसुधा बोधेला हे सहा महिन्यांपासून माहीत होते. पृथ्वीची गिरकी किंचित वेगावली होती. अणुघड्याळे तिच्या मागे पडू नयेत म्हणून आज जगभर एकाच क्षणी एक सेकंद गाळला गेला. पूर्वी सेकंद अनेकदा वाढवला होता. गाळला मात्र पहिल्यांदाच.

वसुधा शहराच्या पाणीपुरवठ्याची अभियंता होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. दर तिसऱ्या दिवशी पहाटे खालच्या पेठेला पाणी सुटे. पेठेचा व्हॉल्व्ह बंद झाला की साडेपाचला त्याच टाकीतून टेकडीला. आज टेकडीचा व्हॉल्व्ह उघडला, पण खालचा बंदच झाला नाही. सगळे पाणी उताराने पेठेकडे चालले. टेकडीवरचा दाब शून्य झाला.

टेकडीवर डायलिसिस केंद्र होते आणि त्याची टाकी कालच तळाला गेली होती. सातच्या पाळीला सहा रुग्ण यायचे होते. त्यांतला एक तिचा नवरा, अच्युत.

कारण शोधावे लागले नाही. बारा वर्षांपूर्वी प्रोग्रॅममध्ये तिनेच लिहिले होते: ५:२९:५९ वाजता बंद. तो सेकंद आज आलाच नव्हता. यंत्र त्याची वाट पाहत होते, उद्या पहाटेपर्यंत पाहणार होते.

तिने व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा दिली. 'पेठेची पाळी चालू आहे', पडद्याने नकार दिला. ते कुलूपही तिचेच. तेव्हा नगरसेवकांचे फोन यायचे, आमच्या गल्लीला अजून दहा मिनिटं सोडा म्हणून. पाळी संपेपर्यंत कोणाचेही ऐकायचे नाही, असे तिने यंत्राला शिकवले होते. वीज तोडली तरी व्हॉल्व्ह उघडाच राहणार होता.

तिने तुळशीराम व्हटकरांना फोन केला. पूर्वी हाताने व्हॉल्व्ह फिरवणारे, यंत्र बसले तेव्हा ज्यांचे काम गेले, ते चावीवाले. पंधरा मिनिटांत ते स्कूटरला लांब लोखंडी चावी बांधून आले. चावी त्यांनी परत केलीच नव्हती. कोणी मागितलीही नव्हती.

पंपघरातल्या व्हॉल्व्हच्या चेंबरचे झाकण निघाले. चावी बसली, पण फिरेना. वसुधाने दुसरी मूठ धरली. तिचे खांदे रात्रपाळीने आधीच भरून आले होते. बाराव्या फेऱ्याला तुळशीराम दम खायला थांबले. काय बिघडले, ते तिने थोडक्यात सांगितले.

"एका सेकंदासाठी एवढं?" ते म्हणाले. "मला विचारायचं. दिवसभर घरी पडूनच असतो, तासभर दिला असता."

ती हसली नाही, पण हात जरा हलका झाला. एक्केचाळिसाव्या फेऱ्याला व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला. सहा वाजून सात मिनिटांनी टेकडीवरचा दाब चढू लागला. अच्युतचा फोन आला: केंद्रात पाणी आलंय, तू झोप आता.

प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करायला 'वाजता'पुढे 'वा नंतर' ही चार अक्षरे पुरली असती. तशा आणखी किती ओळी आपण लिहून ठेवल्या आहेत, हे तिला आठवत नव्हते.

तुळशीरामांनी चावी फडक्याने पुसली.

"मला एकाहत्तरावं लागलं," ते म्हणाले. "तुम्हीही चाललात. मॅडम, ही कोणाच्या हातात देऊ?"

पंपघरात त्या दोघांखेरीज कोणी नव्हते.