झेंडूच्या रानातलं हसू

"छायाताई, आमच्यात कुणीतरी फितूर आहे. संध्याकाळच्या आत शोधा, नाहीतर माझा सिनेमा मेला म्हणून समजा!"

तेजलनं मोबाइल टेबलावर आपटला. इंदिरानगरातल्या गुप्तहेर छाया निरगुडेंनी तो उचलला. त्यांचा सहायक गोरक्ष सवयीप्रमाणे खांद्यावरून डोकावला.

तेजलचा पहिलावहिला सिनेमा 'तुकडी ड' आजच लागला होता. कॉलेजची पोरं, मुखवटेवाला खुनी, त्याच्या हातात द्राक्षछाटणीची कात्री आणि एकेकाचा फडशा. पण सकाळीच समर्थ या नावाजलेल्या समीक्षकाचं परीक्षण गावभर झालं होतं: 'शेवटी मेलेली मुलगी झेंडूच्या रानात उठते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. म्हणजे खुनी तीच! हा पोरखेळ बघायला जाऊ नका.'

"शेवटच फुटला! आता कोण मरायला येणार?" गोरक्ष बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"अहो, हा शेवट नाहीच. खुनी दुसराच आहे, आणि ती मेलेली मुलगी, आमची दिशा, सिनेमात उठतही नाही."

"मग हे हसू आलं कुठून?" छायाताईंनी विचारलं.

"आमच्यात रीत आहे. कॅमेऱ्यासमोर जो मेला, त्यानं लगेच उठून हसायचं, म्हणजे अपशकुन उतरतो. दिशाही हसली होती. तो तुकडा आम्ही कापून टाकला. थिएटरचे मॅनेजर म्हणतात, शेवट तुम्हीच रातोरात बदलला असेल; समर्थनं सिनेमा न बघता लिहिलंय याचा पुरावा आणा, तरच खेळ ठेवतो."

आधी गाठलं संकलक रुद्रला. तेजलशी त्याचं मागेच वाजलं होतं.

"तो तुकडा मी कधीच पुसला," तो गुरगुरला. "आणि तेव्हा जवळ आम्हीच होतो. दिशाच्या वडिलांनासुद्धा लांब बांधावर बसवलं होतं. पोरीच्या पोटात कात्री गेली की रडून गोंधळ घातला असता त्यांनी."

मुखवट्याआडचा नट जीवन तर धुमसतच होता. "पोस्टरवर माझं तोंड नाही, राग आहेच. पण म्हणून फितुरी? छे!"

"हाच!" बाहेर पडल्यावर गोरक्ष कुजबुजला. "तोंड लपवणारा माणूस सरळ नसतो, ताई."

छायाताई नुसत्या हसल्या.

समर्थ खुर्चीतून उठलेही नाहीत. "नावं सांगत नसतो मी. हसणारी मुलगी मी याच डोळ्यांनी बघितलीय."

"पडद्यावर?"

समर्थ घड्याळाकडे बघू लागले.

थिएटरच्या दारात दिशाचे वडील वाल्मीककाका तोरण बांधत होते. सायखेड्याचे बागाईतदार. झेंडूही त्यांचा आणि सिनेमातलं ते रानही त्यांचंच.

"काय काका, पाहिला का सिनेमा?" छायाताईंनी विचारलं.

"आत जायचा धीर नाय झाला अजून. पर शेवट लय भारी हाय! मारली तरी उठती माझी पोर, अन् काय हसती! थांबा, दावतो." त्यांनी कौतुकानं मोबाइल पुढे केला. गोरक्षला तेवढ्यात चहावाला दिसला.

तो परतला तेव्हा छायाताई तेजलच्या गाडीत बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"युनिटमध्ये फितूर नाही, तेजल. फितुरानं खरा खुनी फोडला असता, खोटा शेवट कशाला दिला असता? अपशकुन उतरवायचं हसू म्हणजे सिनेमाचा शेवट, असं कोण समजेल? ज्यानं ते पाहिलं, पण ज्याला तुमची रीत ठाऊक नाही, तो. रुद्रला आणि जीवनला ती ठाऊक आहे. उरला बांधावरचा माणूस."

"वाल्मीककाका?"

"सिनेमा न बघताच शेवट सांगतात. तो हसण्याचा तुकडा लांबून मोबाइलवर घेतलाय त्यांनी. काल समीक्षकांच्या खेळातून समर्थ मध्यंतरालाच उठून बाहेर आले. काकांनी त्यांना तो दाखवला. 'पोरीबद्दल दोन शब्द चांगलं लिवा' म्हणाले."

करायला गेले गणपती, झाला मारुती! गोरक्षला रागवायला कुणी सापडेना. समर्थचा राग येत होता, पण त्याचा उपयोग काय?

"मॅनेजरला काकांचा मोबाइल दाखव," छायाताई म्हणाल्या, "सिनेमा वाचेल."

तेजलनं काचेतून बघितलं. दिशा वडिलांना फुलं देत होती आणि दोघं कशावरून तरी हसत होते.

"आणि समर्थ उद्या काय लिहील? बापानंच पोरीचा सिनेमा फोडला. गावभर होईल ते. दिशा सोळा वर्षांची आहे, ताई. आयुष्यभर ती बापाकडे कशी बघेल?"

 छायाताईंसारखी हुशार बाई, पण खून न होताच एक सिनेमा मरताना बघत बसायची वेळ तिच्यावर आली होती.

मॅनेजर बाहेर आले. "मॅडम, काही पुरावा?"

"नाही मिळाला," तेजल म्हणाली.

ते मान हलवून आत गेले. थोड्याच वेळात दारावरचं पोस्टर उतरलं. वाल्मीककाका धावत गाडीपाशी आले. त्यांचे डोळे भरले होते.

"लोकांना काय कळतंय, तेजलताई? रडू नका. दुसरा पिच्चर काढा. रान आपलंच हाय."

"हो, काका," तेजल म्हणाली.