तुम्ही फक्त ओठ हलवा

“यांना कुठे जायचंय?”

नव्या रखवालदाराने हा प्रश्न तिला विचारला नाही. तिच्या मागे ओली छत्री झटकत उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुणाला विचारला. आणि त्या पठ्ठ्याने, जन्मात तिला कधी पाहिलेलं नसताना, भरदार आवाजात उत्तरही देऊन टाकलं. “पहिल्या मजल्यावर दवाखाना आहे ना? तिथेच असणार.”

तिने दोन्ही कुबड्या फरशीवर रोवल्या. राग आला की तिची मान एका बाजूला वळायची, आणि शब्द घशातून बाहेर पडायला खळखळ करायचे.

“मी... इथे... नोकरी करते,” ती रखवालदाराला म्हणाली. “पाच वर्षं. हे कोण... मला माहीत नाही. यांचं... ओळखपत्र बघा.”

ती आत गेली. तरुणाकडे ओळखपत्र नव्हतं. कामाचा त्याचा पहिलाच दिवस होता. तो बराच वेळ बाहेर पावसात उभा राहिला, आणि छत्री असूनही नीट भिजला.

त्या इमारतीत परदेशी मालिकांवर आपल्या भाषेतला आवाज चढवायचं काम चाले. संवाद ती लिहायची. पडद्यावरचे ओठ मिटले की वाक्यात तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी यायलाच हवं, नाहीतर नट बोलतोय एक आणि ऐकू येतंय भलतंच. तिच्या संवादांत असं कधी व्हायचं नाही. तो तरुण नायकांचे आवाज द्यायला आला होता, म्हणून आठवडाभरात सगळे त्याला ‘हिरो’ म्हणू लागले. पडद्यावर तो इमारतीवरून उडी मारायचा. प्रत्यक्षात त्याला पंख्याखाली बसलं की सर्दी व्हायची.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी आला होता. केस अजून ओलेच होते.

“हे संवाद तुम्ही लिहिलेत?”

“हो. दवाखान्यातून... लिहून आणले.”

तो कानापर्यंत लाल झाला. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला. पुढे तो दिसला की तिचा डावा हात आपोआप वर जाऊ लागला, वर्गात उत्तर येत असल्यासारखा. भावना लपवता येते हो, पण स्नायूंना कोण समजावणार?

“काही विचारायचंय का?” तो दर वेळी हाताकडे बघून विचारायचा.

“नाही. पुढे जा.”

एकदा त्यानेच विचारलं. अडखळत, नजर चुकवत. “तुम्हाला... म्हणजे नक्की... काय झालंय?”

“सेरेब्रल पाल्सी. जन्मताना मी वेळेवर पोचले... ऑक्सिजन उशिरा आला. तेव्हापासून... उशीर करणाऱ्यांचा मला राग येतो.”

“पण मग... बरं...?”

“बरं होत नाही. वाढतही नाही. विचार जागेवर असतो... हुकूम हातापायांपर्यंत, जिभेपर्यंत जाताना... वाटेत भांडणं होतात.” ती थांबली. “आणि संसर्गजन्य नाही. हात धरायला... हरकत नसते.”

“हे मुद्दाम सांगितलंत?”

“सामान्य ज्ञान... वाढावं म्हणून.”

त्याने सामान्य ज्ञान वाढवलं. तिची घट्ट वळलेली बोटं त्याच्या तळव्यात हळूहळू सैल झाली. खिडकीच्या काचेवर पाऊस टपटपत होता. दोघं एकमेकांकडे न बघता एकाच रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले.

पण त्याची एक खोड जात नव्हती. तिचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं तो पूर्ण करायचा. धंद्याचीच सवय. रिकामे ओठ दिसले की आवाज भरायचा. एकदा ती म्हणाली, “पाणी...” आणि तो धावला. तिला म्हणायचं होतं, ‘पाणी सांडलंय, पाय घसरेल.’ तो ग्लास घेऊन आला आणि त्याच पाण्यावरून घसरून टेबलाखाली गेला.

“आता... पुढचं ऐकतोस?” तिने वाकून विचारलं.

‘तू’ ऐकून तो टेबलाखालीच हसत बसला.

आणि मग साहेबांना तिच्यासाठी पुरस्कार सुचला. साहेब म्हणजे स्टुडिओचे मालक, मऊ आवाजाचे, कुणालाही न विचारता कुणाचंही भलं करणारे. पुरस्काराचं नाव ‘जिद्द’. कशाबद्दल? तर रोज कामावर येण्याबद्दल. पाच वर्षांत तिच्या एकाही संवादाचं त्यांनी कौतुक केलं नव्हतं. तिच्या नावाची पाटीसुद्धा मालिकेच्या शेवटी कधी झळकली नव्हती.

“भाषणही ठेवलंय,” साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. “पण पाहुण्यांना कळायला नको का? म्हणून आपण काय करू, ताई, तुमचा माइक बंद ठेवू. तुम्ही फक्त ओठ हलवा. हिरो पडद्यामागून बोलेल. नाहीतर एखाद्या गोड मुलीचा आवाज लावू.”

एका जिवंत माणसाचं, त्याच्यासमोर, डबिंग! आणि खोलीत कुणालाही हसू आलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा प्रकार फक्त त्या इमारतीतच सुचू शकतो.

तिने तोंड उघडलं. शब्द जुळवेपर्यंत हिरो उत्साहाने बोलूनही गेला. “जमेल साहेब! कुणा मुलीची गरजच नाही. तिचे ओठ मला पाठ आहेत.”

बाहेरच्या व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. रागाने पाय इतके ताठरले होते की तिला भिंतीला टेकावं लागलं.

“ओठ... पाठ आहेत?”

“अगं, मला वाटलं, तुला त्रास...”

“मला विचारलंस?”

“नाही, पण...”

“शाळेत बाई... आईला विचारायच्या, हिला... कळतं का? दुकानदार... दादाला विचारतो, हिला कुठला रंग? आता तू. मला कुणी... गप्प बसवत नाही रे. सगळे... माझ्या वतीने बोलतात. मी भांडू तरी... कुणाशी?” तिला धाप लागली. “तुझा आवाज... छान आहे. पण माझ्या तोंडात... तो नको. हे कळत नसेल... तर उद्यापासून... माझ्या टेबलाशी येऊ नकोस.”

या वेळी तो वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबला. मग मान खाली घालून निघून गेला.

समारंभाच्या दिवशी व्यासपीठाला पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. जिद्द वर ठेवली होती. साहेबांनी तिला खुर्चीसकट उचलायला दोन माणसं पुढे केली. तिने त्यांना परत पाठवलं आणि खालीच, पहिल्या रांगेसमोर, कुबड्यांवर उभी राहिली. कुणीतरी तिच्यापुढे बंद माइक स्टँडसकट आणून ठेवला. ती बोलू लागली. ओठ हलले. सभागृहात शांतता.

“बोल ना!” साहेब पडद्यामागे दबक्या आवाजात खेकसले.

हिरो बोलला नाही. तो आपला चालू माइक घेऊन बाहेर आला, पायऱ्या उतरला, माइक तिच्या ओठांपुढच्या स्टँडला लावून मागच्या रांगेत जाऊन बसला.

“मी... संवाद लिहिते,” तिचा स्वतःचा, चढउतारांचा आवाज घुमला. “त्याबद्दल... कधी बक्षीस नाही. मी चालत येते... त्याबद्दल मिळालं.”

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी डोळे पुसत टाळ्या सुरू केल्या.

“अजून... संपलं नाही,” ती म्हणाली. टाळ्या जागच्या जागी मेल्या. “साहेबही... रोज चालत येतात. हे... त्यांना द्या. मला... मालिकेच्या शेवटी... माझं नाव हवं.”

साहेबांच्या हातात त्यांचाच पुरस्कार कुणी दिला, ते कळलं नाही. फोटो मात्र निघाला.

नंतर ती सभागृहाबाहेरच्या बाकावर बसली होती. तो जरा अंतर ठेवून उभा राहिला.

“बसू का?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली.

“बस.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची आई. आवाज इतका खणखणीत की स्पीकरची गरज नव्हती. “काय रे, ती मुलगी रविवारी येणार का? पायऱ्या चढते का ती? आणि तू तिला आवडतोस, की नुसताच मागे लागलायस?”

त्याने तोंड उघडलं. मिटलं.

“आई, तिलाच विचार.” आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला.

तिने डोळे वटारले. फोनवर लोक तिला प्यायलेली समजून फोन ठेवून देत. तरी तिने घेतला.

“काकू...”

“हॅलो? आवाज तुटतोय का गं?”

“आवाज... असाच आहे.”

पलीकडे भांड्यांची खडखड. तिला वाटलं, ठेवला फोन.

“गॅस बंद करून आले,” आई म्हणाली. “तिथे दुधाकडे लक्ष, इथे तुझ्याकडे, असं मला जमत नाही. हं, बोल.”

तो बाकाच्या टोकाला बसला होता. तिने मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मला... तुमचा मुलगा... आवडतो,” ती म्हणाली. “पायऱ्या... चढते. पण वेळ... लागतो.”

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“लागू दे,” आई म्हणाली. “मी बसलेय.”