दुसरी हाक

दिवा जरा बारीक करा, पण विझवू नका. सांगते.

त्या दिवशी वेगळं असं काही नव्हतं. पांढरकवड्याच्या बाजारातून वांगी, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणि श्रावणभाऊंसाठी तंबाखू-सुपारीचा खर्रा घेऊन मी टेकडीवरच्या आमच्या केंद्रावर पोचले. खाली हैदराबादचा हायवे आणि ट्रकांची रांग, बाकी सगळीकडे सागाचं रान. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक उंच अँटेना आणि मनात येईल तेव्हा बंद पडणारा जनरेटर.

आमचं काम समजावून सांगताना माझी नेहमी धांदल उडते. प्रवासी विमानं जिथून जातात त्याच्या दुप्पट उंचीवर, शाळेत आपण ज्याला स्थितांबर म्हणून पाठ केलं तिथं, आता वर्दळ वाढली आहे. महिनोन्महिने खाली न येणारी, उन्हावर चालणारी बिनमाणसाची विमानं. मोठमोठे फुगे. आणि आता फुग्याखाली टांगलेल्या कुपीत बसून जाणारी माणसंही. तिथं अजून कोणाचं राज्य नाही. ज्याला त्या उंचीवर यायचं तो आम्हाला रेडिओवर हाक मारतो, वाट मोकळी आहे का विचारतो, आम्ही हो म्हटलं की येतो. सगळा कारभार हाकेवर आणि ओ देण्यावर चालतो.

माझे वरिष्ठ श्रावण आत्राम. कामाला वाघ, पण एक खोड. पहिल्या हाकेला ते कधीच ओ देत नसत. बटणावर हात ठेवून नुसते बसून राहायचे.

"जित्ता माणूस असन तं दुसऱ्यांदा हाक मारन," म्हणायचे. "त्याइले दुसरी हाक मारता येत नाही."

"त्याइले म्हणजे कोणाले, भाऊ?"

"नाव कायले घ्यायचं, पोरी."

"भाऊ, इतक्या वर भूत जाऊन करेल काय? तिथं तर चिंचेचं झाडही नाही."

ते हसायचे आणि खर्रा मळायला लागायचे. त्यांच्यामुळे वरची सगळी मंडळी आम्हाला दोनदा हाक मारायला शिकली होती.

त्या संध्याकाळी वर सलील होता, माझा धाकटा भाऊ. कुपीत एकटाच. आमच्या यवतमाळच्या घरी आईनं तो उतरायच्या आधीच पेढे वाटून टाकले होते. मी मात्र दुपारचा डबा तसाच ठेवला होता. फुग्याला पाहिजे तसं वळता येत नाही. समोरून कोणी आलं तर तो बाजूला होऊ शकत नाही. सलीलची वाट मोकळी ठेवणं माझ्याकडे होतं, आणि ते काम मी दुसऱ्या कोणाला देणार नव्हते.

दिवेलागण झाली. रानात अंधार उतरला. कुठंतरी शेताच्या धुऱ्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्याचा वास येत होता. तितक्या वर मात्र अजून ऊन होतं, आणि त्यात सलीलचा फुगा चांदणीसारखा पिवळा दिसत होता. जनरेटर अडखळला म्हणून श्रावणभाऊ बॅटरी घेऊन बाहेर गेले.

"ताई... ताई," रेडिओवर सलील होता. "खाली सगळं झोपून राह्यलं. मी अजून उन्हातच आहो. इतकं शांत आहे इथं... मले खाली यावंसंच नाही वाटत."

"मुकाट्यानं ये. वांग्याची भाजी करणार आहे."

तो हसला. यंत्रांना थंड ठेवणारा पंखा घरघरत होता. मला डुलकी लागली असावी, कारण पुढचा आवाज स्वप्नातून आल्यासारखा आला.

"ताई."

"ओ," मी म्हणाले.

"वाट मोकळी आहे का?"

रडारच्या पडद्यावर सलीलच्या ठिपक्याशिवाय काही नव्हतं. "मोकळी आहे. ये."

खोलीत ओल्या मातीचा वास आला. पौष महिना चालू होता, पाऊस पडून कित्येक आठवडे झाले होते.

"ताई... ताई," पुन्हा सलील. "कोणाशी बोलून राह्यली? मी कुठं काही विचारलं?"

पडद्यावर आता दोन ठिपके होते. दुसऱ्याला नाव नव्हतं. तो वाऱ्याच्या उलट, सरळ सलीलकडे सरकत होता.

"सलील, खाली उतर. आत्ताच्या आत्ता."

"उतरतो... ताई, खिडकीशी कोणी आहे. बाहेरून. त्याच्या अंगात माझंच जॅकेट आहे..."

श्रावणभाऊ दारात उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकाच हाकेले ओ देल्ली का?"

मी मान डोलावली. ते तिथंच उंबऱ्यावर बसले. दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळले आणि पडद्यावर एकच उरला.

कुपी वणीच्या अलीकडे एका तुरीच्या शेतात अलगद उतरली. सलील धडधाकट होता. आईनं दृष्ट काढली. उंचीवर असे भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. मीही तसंच म्हणाले. मला तसंच हवं होतं.

आता सलील घरी असतो. नीट जेवतो, हसतो, गल्लीतल्या पोरांना वरच्या गोष्टी सांगतो. फक्त मला हाक मारतो ती एकदाच. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणतो, "ताई." मी ओ दिली नाही तर पुन्हा म्हणत नाही. तिथंच उभा राहतो, आणि मला ओल्या मातीचा वास येतो.

"काहून बोलत नाही तू त्याच्याशी?" आई विचारते. तिला काय सांगू? तिचा मुलगा तिला परत मिळाला आहे.

केंद्रावर रोज दिवेलागणीला, खाली अंधार पडलेला आणि वर अजून ऊन असतं तेव्हा, रेडिओ खरखरतो. पडद्यावर काहीच नसतं. श्रावणभाऊ उठून बाहेर जातात, त्यांना ऐकवत नाही. मी बटणावर हात ठेवून बसून राहते.

"ताई..."

मी थांबते. आज दुसरी येऊ नये, असं मनात म्हणते. पण दुसरी हाक येतेच, सलीलच्या आवाजात.

"ताई... खाली यायची वाट मोकळी आहे का?"