पाय वर

काम अगदी साधं होतं. वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेली एक चिलखती गाडी रात्रीतून इथे, या ट्रेनिंगच्या शाळेत आणून उभी करायची. दिवसा ती रस्त्यावर काढली की लोकांची पंचाईत, अख्खा रस्ता अडवते. म्हणून रात्री. चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार, थंडी नुकती पडायला लागली होती आणि चंद्र अजून उगवायचा होता. गाडी न्यायला आला होता कासव.

हसू नका. हळू चालवायचा म्हणून अख्खी तुकडी त्याला कासव म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा. माझा चांगला ओळखीचा. मी तेव्हा वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो, आजही तेच करतो, फक्त गुडघे कामातून गेलेत. मघाशी जेवताना तुमच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हा तर लंबूचा ठोका!" आणि सगळे खिदळलात. म्हणून सांगतोय. तिखटमीठ लावणार नाही. तो मोठा दिवा घालवा आणि बसा नीट.

या गाड्यांबद्दल जवानांना विचारा, माणसागणिक मत वेगळं. एक म्हणतो, तिजोरी आहे तिजोरी, आत बसलं की डोळा लागतो. दुसरा म्हणतो, कसली तिजोरी, जाड काचेतून वीतभर रस्ता दिसतो, वळणावर कलंडायला बघते, कडेला पुरलेला बॉम्ब दिसणार कसा? जुन्या हलक्या जीपवाले तर छाती ठोकून सांगतात की पळणारी गाडी कुणाला सापडत नाही. मी त्यांना विचारतो, मग हे सांगायला तुमच्यातले इतके थोडेच कसे उरले?

कासवाचं मत निराळं. "वस्ताद," तो म्हणायचा, "पत्रा आपलं काम चोख करतो. घोळ माणसं घालतात." आणि खरंच आहे ते. तळाचा पत्रा होडीच्या बुडासारखा तिरका असतो, त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना निघून जातो. पण आतली जमीन हादरायची ती हादरतेच. ज्याचे पाय तिच्यावर टेकलेले असतील, त्याच्या हाडांचा भुगा. म्हणून सीटा छताला टांगलेल्या आणि पाय ठेवायला समोर लोखंडी फळी. बेल्ट बांधायचा, पाय फळीवर घ्यायचे.

आता ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. म्हणून त्या तुकडीची एक रीत होती. इंजिन सुरू केलं की ड्रायव्हर ओरडायचा, "पाय वर!" मागच्या प्रत्येकाने बेल्ट बांधायचा, पाय फळीवर घ्यायचे आणि मगच शेजारच्या पत्र्यावर एक ठोका द्यायचा. सगळ्यांचे ठोके आले की गिअर टाकायचा.

दाराजवळच्या शेवटच्या सीटवर लंबू बसायचा. एवढा उंच की पाय वर घेतले की गुडघे हनुवटीला लागायचे. त्या तंगड्या दुमडायला त्याला वेळ लागे, त्यामुळे त्याचा ठोका नेहमी सगळ्यांत शेवटी. बाकीचे कावायचे, "अरे, घडी घालून झाली का?" कासव मात्र थांबायचा. दोघांचं फार जमायचं. सुट्टीत कासव लंबूच्या घरी राहायला जायचा, आणि लंबूची आई त्याला हक्काने नळ दुरुस्त करायला, माळ्यावरचं सामान काढायला लावायची. घरचाच झाला होता.

आणि एक दिवस मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न मारत होत्या. शेजारी बसलेले साहेब वैतागले होते. म्हणाले, "कासवा, आज तरी वेळेत पोचव बाबा." लोक हसले. कासवाला ते लागलं. एक ठोका यायचा राहिला होता, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने गिअर टाकला. पुढच्याच वळणावर स्फोट झाला. गाडीने सगळ्यांना वाचवलं. एकट्या लंबूला नाही.

चौकशीत विचारलं, सगळे ठोके आले होते का? कासव म्हणाला, "आले होते." मागची पोरं बधिर झाली होती, त्यांना काही आठवत नव्हतं. मग निष्कर्ष काय निघाला? लंबूने बेल्ट न बांधता, पाय खाली ठेवूनच ठोका दिला. सगळ्यांना फसवलं. तेव्हापासून कुणी खोटी हमी दिली की तो लंबूचा ठोका. लंबूच्या आईलाही तेच कळवलं. ती आल्यागेल्याला सांगायची, "आळशी होतं हो माझं पोरगं. पाय पसरायची खोड होती." कासव दरवर्षी तिला भेटायला जायचा, समोर बसून हे ऐकायचा, आणि मान खाली घालून परत यायचा. पण तोंड उघडलं नाही.

तर ही तीच गाडी. तिचा तळ मी नवा जोडला, सीटा बदलल्या, आणि त्या संध्याकाळी फळ्यांना पिवळा रंग दिला. लंबूची चूक तुमच्यासारख्यांना दाखवायला ती इथे ठेवायची होती. मी कासवाला बजावलं, "मागे कुणाला बसवू नकोस, रंग ओला आहे." म्हणाला, "मी कुणाला बसवणार, वस्ताद?" मागच्या दाराला मी माझ्या हाताने तारेचं सील ठोकलं. वर्कशॉपचा नियमच आहे तो.

पुढचं मला त्याने सांगितलं. एकदाच.

शहर मागे पडलं. मध्यरात्र उलटून गेली होती. रेल्वेचं फाटक बंद होतं, म्हणून त्याने इंजिन बंद केलं. मालगाडी गेली. फाटक उघडलं. त्याने किल्ली फिरवली, आणि सवयीने, अगदी सवयीने, तोंडातून निघून गेलं...

"पाय वर!"

स्वतःचंच हसू आलं त्याला. हात गिअरवर गेला.

मागे बेल्टचं बकल वाजलं.

त्याला वाटलं, हादऱ्याने हललं असेल. पण गाडी उभी होती. मग काहीतरी पत्र्याला घासलं. सावकाश. जागा नसताना कुणी गुडघा वळवावा, तसं.

मग काही नाही.

तो थांबला. ठोका आला नाही. पुन्हा बकल वाजलं... पुन्हा ते घासणं. माणूस तयार होतोय, पण होतच नाहीये. कासवाचा हात गिअरवर होता. गिअर टाकायची छाती होईना. त्या दिवशी टाकला होता. आज टाकवेना.

"झालं का रे?" त्याने विचारलं.

घासणं थांबलं.

"तुझा ठोका आला नव्हता," कासव म्हणाला. "मला माहीत होतं. मी थांबलो नाही."

काही नाही... काहीच नाही. फाटकवाल्याच्या खोलीतला दिवा गेला. मागून फक्त श्वासासारखं काहीतरी.

मग त्याला उमगलं. हे मागच्याला सांगून काय उपयोग? मागच्याला ते आधीपासूनच माहीत होतं.

त्याने फोन काढला आणि लंबूच्या आईला लावला.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. "काय रे? एवढ्या रात्री? बरा आहेस ना?"

"आई... त्याने ठोका दिला नव्हता. मीच गाडी सोडली. चौकशीत मी खोटं बोललो. त्याने कुणाला फसवलं नाही. मी..."



ती म्हणाली, "मी त्याच्या फोटोला शिव्या घालते रे. रोज."

कुणीच फोन ठेवत नव्हतं.

आणि मागे...

ठक्.

एकच. पत्र्यावर. स्पष्ट.

"कोण वाजवतंय तिकडे?" आईने विचारलं.

ती ऐकत राहिली. मग तिने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन तिने कधी उचलला नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे सगळं कबूल केलं, नोकरी गेली, कागदोपत्री लंबूवरचा ठपका निघाला. तिच्या दाराशी तो दोनदा जाऊन आला. दार उघडलं नाही. तो म्हणतो, बरोबर आहे तिचं. 'लंबूचा ठोका' हा शब्द मात्र तुमच्या तोंडी राहिला. पुन्हा ऐकला तर कानाखाली आवाज काढीन, सांगून ठेवतो.

हं. सकाळचं राहिलं.

सकाळी मी दाराची बिजागरी बघायला इथे आलो. गाडी पटांगणात उभी. कासव पायरीवर बसलेला. मागचं सील जसंच्या तसं होतं. मीच पकडीने तोडलं आणि दार उघडलं.

सगळ्या फळ्या पिवळ्याधमक. रंग वाळला होता. एकीवरही डाग नाही.

फक्त दाराजवळची शेवटची... तिच्यावर बुटांच्या टाचा उमटल्या होत्या. माझी अख्खी मूठ त्यात मावेल एवढ्या मोठ्या. कासवाचे पाय तर पोरासारखे लहान. मी खाली नव्या जमिनीवर बॅटरी मारून पाहिलं, तिथे एकही ठसा नव्हता. फळीवर दोन्ही टाचा शेजारी शेजारी होत्या, पार आतपर्यंत टेकवलेल्या. पाय अगदी नीट वर घेतलेले होते.