दोन खोल्यांची वाटणी

वकीलबाईंनी सोपा तोडगा काढला होता. घटस्फोटाआधी बायकोने सामानाचे दोन वाटे करायचे आणि नवऱ्याने हवा तो आधी उचलायचा. भाड्याचं घर तिच्याकडेच राहणार होतं.

तिला फक्त शिलाई मशीन हवं होतं, बाकी सगळं गेलं चुलीत. उद्यापासून आपण एकट्या, आपल्या मर्जीच्या, या नुसत्या विचाराने तिला गुदगुल्या होत होत्या. डावीकडच्या खोलीत तिने टीव्ही, कपाट आणि त्याचा लाडका सोफा मांडला. उजवीकडे मशीन आणि उरलंसुरलं. त्याने सोफ्यावर पाणी सोडणं शक्यच नव्हतं. दोन्ही दारं लोटून ती हात धुवायला गेली.

परत येऊन बघते तर मशीन डावीकडे.

ती उजवीकडे धावली. तिथेही मशीन होतं. चाकावरचा टवका तोच, सुईत तिनेच दातांनी तोडलेला निळा दोरा. शेजारी सोफा, आणि त्यावर त्याने इस्त्रीने पाडलेला डाग. भीती वाटायला हवी होती, पण तिला आनंदाने काही सुचेना. तिने केसांतला कंगवा काढून डावीकडे ठेवला, दार लावलं, उघडलं. कंगवा दोन्हीकडे.

नवरा ट्रक घेऊन आला तेव्हा ती दारातच उभी होती.

दोन्ही खोल्यांत डोकावून त्याने विचारलं, "दुसरं मशीन कधी घेतलंस?"

"घेतलं नाही. झालं. तुझं घड्याळ ठेवून बघ."

घड्याळांची जोडी हातात घेऊन तो लहान पोरासारखा हसला. तीही हसली. वर्षभरात दोघं एकत्र हसले नव्हते.

"मग आपण भांडत कशावरून होतो?"

"सामानावरून नव्हतो," ती म्हणाली.

सोफा तसाच मऊ आहे का, हे बघायला दोघं डावीकडच्या खोलीत जाऊन बसले. वाऱ्याने दार लागलं.

भिंतीपलीकडे स्प्रिंगा करकरल्या. कुणीतरी बसल्यासारख्या.

"ऐकलंस?"

"जुना आहे सोफा," ती घाईने म्हणाली आणि दार उघडून बाहेर आली. आज तिला कशातच अडकायचं नव्हतं.

हमालांनी डावीकडची खोली रिकामी केली. त्यांच्या मागोमाग उजवीकडच्या खोलीतून हलकी पावलं खाली गेली, पण तिने वळून पाहिलं नाही. नवरा खाली गेला. सुटले एकदाची, असं मोठ्याने म्हणत ती खिडकीशी धावली.

तो ट्रकमध्ये चढला. शेजारी एक बाई आधीच बसली होती.

एवढ्यात दुसरी शोधलीसुद्धा? तिला हसू आलं.

बाईने वर पाहिलं.

तिचाच चेहरा. तिचाच पोशाख. डोळे रडून सुजलेले.

ट्रक वळला.

उजवीकडच्या खोलीत कुणीतरी खाकरलं, आणि रोजच्या आळसावलेल्या आवाजात विचारलं,

"कोण गं घर सोडून चाललंय?"