औंढ्याची गोल टाकी

लोणावळ्याहून औंढ्याकडे जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात इंद्रायणी शेवटच्या जागेवर बसली, आणि पाण्याची एक बारीक धार थेट तिच्या ओढणीवर उडाली. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर हवा भरलेली प्लॅस्टिकची मोठी पिशवी होती. आतल्या पाण्यात बोटाएवढे मासे वळवळत होते. पिशवीला कुठेतरी टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि तो बिचारा गोंधळून ते भलतीकडेच शोधत होता.

तिनं काही न विचारता धारेवर अंगठा दाबला.

"आतला ऑक्सिजन गेला तर पिल्लं घरापर्यंत टिकायची नाहीत," ती म्हणाली. "हलू नका."

तो खरंच हलला नाही. तिला वाटेतल्या एका बंगल्याच्या कामावर उतरायचं होतं. बंगला आला, गेला... तिचा अंगठा पिशवीवरच राहिला. बाहेर श्रावणातली सर उन्हातच पडत होती. त्यानं नाव विचारलं आणि ऐकून हसला.

"आमच्या घरी दोन्ही वक्ताला इंद्रायणीच असती."

"तो तांदूळ," ती म्हणाली. पण हसू तिलाही आवरलं नाही.

त्याचं नाव तुषार. औंढ्यात त्याची भातशेती होती. यंदा त्यानं चिलापी मासे पाळायचं मनावर घेतलं होतं आणि विहिरीशेजारी सिमेंटची चौकोनी टाकी बांधली होती. इंद्रायणी पिशवी धरून थेट तिथवर आली आणि पिल्लं टाकीत सोडून झाल्यावर कठड्यावरून वाकून बघत राहिली. पाणी चारी कोपऱ्यांत मेल्यासारखं पडून होतं. पिल्लं मोठी झाली की त्यांची घाण तिथेच साठणार होती. टाकी गोल हवी होती, असं ती सहज बोलून गेली... आणि मग तिला थांबवेना.

मासे कसे पाळावेत, त्यांच्या टाक्या कशा बांधाव्यात, याचंच शिक्षण तिनं रत्नागिरीला घेतलं होतं. पण तळेगावला घरी परतल्यावर तसं काम मिळालं नाही. तेव्हापासून ती लोणावळ्याच्या आसपासच्या बंगल्यांसाठी पोहण्याच्या तलावांचे आराखडे काढत होती.

तुषारच्या आईनं, मंगलनं, न गाळलेला चहा पुढं केला. इंद्रायणीनं कपात चमचा फिरवून काढून घेतला आणि दोघांना बघायला सांगितलं. फिरता फिरता चहाची पत्ती मधोमध गोळा झाली. गोल टाकीतही असंच होतं, ती म्हणाली. पाणी कडेनं तिरकं सोडायचं म्हणजे ते फिरत राहतं. तळाला मध्याकडे उतार द्यायचा, मध्ये जाळी लावून नळ काढायचा. घाण आपोआप शेतात, भाजीला खत.

तुषार कपाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता. मग त्यानं सरळ विचारलं, "तुमी बांधून द्याल?"

त्यानंतर दर रविवारी ती येऊ लागली. आखणीच्या दिवशी तो मधोमध खुंटी धरून बसला आणि ती दोरीचं दुसरं टोक हातात घेऊन पांढऱ्या फक्कीनं गोल काढत त्याच्याभोवती फिरली.

"दोरी ताठ ठेवा," ती म्हणाली.

"ठेवलीय की. पर तुमी इतकं लांब लांबनं का फिरताय?"

 फक्कीची रेघ तेवढ्या जागी वाकडी झाली.

दसऱ्याच्या आधी टाकी भरली, मासे नव्या पाण्यात गेले. आणि दोनच दिवसांनी त्याचा फोन आला. मासे मरत होते.

ती धावत आली. पाणी फार जोरात फिरत होतं. दमलेली पिल्लं वाहत वाहत मधल्या जाळीला चिकटली होती. हिशेब तिचाच चुकला होता.  दुसऱ्या कुणा जाणकाराला बोलवा, मी जाते, असं तिनं खाली बघतच सांगितलं.

तुषार गुडघाभर पाण्यात उभा राहून मेलेले मासे गोळा करत होता. त्याचे डोळे लाल झाले होते, पण आवाज चढला नाही.

"तुमी गेल्यावर मी कुणाला इचारू?" तो म्हणाला. "बसा. दोघं मिळून बघू."

मोटर कमी केली की घाण तळाला बसे, वाढवली की मासे दमत. बराच वेळ बघितल्यावर तिच्या लक्षात आलं, जोर एकाच तोंडातून येतोय. तिनं कडेला एक उभा पाइप लावायला सांगितला. तुषारनं त्याला वरपासून खालपर्यंत भोकं पाडली. पाणी आता अनेक बारीक धारांनी, हळुवार फिरू लागलं. ऊन कलायच्या आत मासे जाळीपासून सुटले आणि प्रवाहाकडे तोंड करून एका ओळीत पोहू लागले.

दोघं ओल्या कठड्यावर शेजारी शेजारी बसून बघत होते.  त्याचा हात तिच्या हातावर कधी आला, कळलंच नाही... तिनं तो काढलाही नाही.

होळीनंतर पहिले मासे निघाले, चांगले तळहाताहून मोठे. आंदर मावळातून दोघे शेतकरी बघायला आले आणि आम्हालाही अशी टाकी करून द्या, असं इंद्रायणीला सांगून गेले. ते गेल्यावर तुषार तिच्यासमोर उभा राहिला.

"आभार मानायचं व्हतं तुमचं."

"ते मी मानायचे," ती म्हणाली. "मला हवं ते काम पहिल्यांदा तुम्ही दिलंत. आणि चुकले तेव्हा जाऊ दिलं नाहीत."

"जाऊ दिलं असतं तर... मला हितं करमलं नसतं." तो थांबला. "आंदर मावळात एसट्या कमी. मी गाडीवर सोडत जाईन तुमाला."

"टाक्या होईपर्यंत?"

"न्हाई. म्हातारं हुईस्तवर."

तिनं मान वर केली. "मी काल घरी सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "मला औंढ्याला राहायचंय म्हणून. बाबा रविवारी येतायत. टाकी बघायला नव्हे... तुला बघायला."

 दारातून मंगलनं सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत ती आली आणि तिनं इंद्रायणीच्या गालावर तळवा ठेवला.

"लय दिस देवाला सांगत हुते बाई," ती म्हणाली. "आज ऐकलं त्यानं."